सड्यावरची ई-बाईक : साडेसात महिन्यांच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

पुतण्या काल रात्री पुण्याहून गाडीच्या मागे सायकल बांधून आला आणि आज सकाळी माझ्या जुन्या हार्डटेलशेजारी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या साध्या माउंटन बाइकशेजारी) त्याची ई-माउंटन बाइक पडवीत उभी राहिली. कंपनीच्या कामासाठी तो पुढचे सात महिने जर्मनीत असेल. सायकल बरोबर न्यायची त्याची फार इच्छा होती, पण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि हिची बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास, म्हणजे ५०४ वॉट-तासांची आहे. झेंडूच्या माळा दोन्ही हँडलांना घातल्या, हळदकुंकू वाहिले, आणि तो निघताना म्हणाला, "काका, महिनाभर ही चालवा, मग साध्या सायकलीला हात लावणार नाही." पैज लावण्याचे वय राहिले नाही म्हणून मी त्याला एवढेच सांगितले की नोंदी ठेवीन.

प्रश्न असा ठरवला आहे : आमच्यासारख्या जांभ्याच्या मुलखात, पक्का रस्ता सोडून पायवाटांवर सायकल चालवणाऱ्या माणसाला मोटरीची सायकल घेणे परवडते का? परवडणे म्हणजे केवळ पैशाने नव्हे. अंगाने, वेळाने आणि वाटेच्या दृष्टीनेही.

दुपारी दोन्ही सायकली काजूच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर चढवल्या. माझी १३.८ किलो, पुतण्याची २३.६ किलो. काट्यावरच्या मुलाने दोन्ही आकडे पाहून विचारले की वरचे दहा किलो कशाचे. मोटर, बॅटरी आणि त्या दोघींना झेपेल अशी जाड फ्रेम, असे उत्तर दिले. त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

मोजणीसाठी एकच फेरी कायम केली. रत्नागिरीच्या दक्षिणेस पावस आणि पूर्णगड यांच्या मधल्या पट्ट्यात खाडीकाठच्या भातखाचरांपासून निघायचे, दोन्ही बाजूंनी गडगे, म्हणजे रचीव दगडांचे बांध, असलेल्या पाणंदीने वर चढायचे, सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, गाठायचा, कातळावरून तीन किलोमीटर जायचे, मधे दोन पऱ्यांत (ओढ्यांत) उतरून पुन्हा चढायचे आणि बंद पडलेल्या चिरेखाणीच्या रस्त्याने खाली यायचे. एकूण ११.२ किमी, आणि सगळे चढ मिळून २६० मीटर. पहिला चढ सर्वांत मोठा, १.४ किलोमीटरमध्ये १२० मीटर.

कोकणातली सायकल ही घाटातल्या सायकलीपेक्षा वेगळी असते, हे देशावरच्या मित्रांना पटकन पटत नाही. आमच्याकडे दहा किलोमीटरचा एकच मोठा चढ नसतो. खाडीतून सड्यावर, सड्यावरून दुसऱ्या खाडीत, असे शंभर-सव्वाशे मीटरचे आखूड आणि उभे चढ एकामागून एक येत राहतात, आणि पाय चढाच्या उंचीपेक्षा या वारंवारतेने संपतात.

आज साध्या सायकलीने : ५८ मिनिटे, सरासरी नाडी १५१, मोठा चढ १२ मिनिटांत. घरी आल्यावर दुसरी फेरी मारण्याची इच्छा अजिबात नव्हती. हेही मोजमापच आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज ई-बाईकने दोन फेऱ्या केल्या. पहिली सर्वांत कमी मदतीवर, म्हणजे इकोवर, आणि दुसरी सर्वांत जास्त, म्हणजे टर्बोवर. इको : ५१ मिनिटे, नाडी १३९, बॅटरी १५ टक्के खर्च. टर्बो : ४३ मिनिटे, नाडी १२७, बॅटरी ३१ टक्के खर्च, आणि मोठा चढ सहा मिनिटांत.

आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट पाणंदीच्या वरच्या वळणावर घडली. तिथे पावसाच्या पाण्याने वाटेच्या मधोमध वीतभर खोल चर पाडली आहे, चराच्या डाव्या अंगाला जांभ्याची उघडी पायरी आहे आणि उजव्या अंगाला सुटी गोटी, जी टायरखाली वाटाण्यासारखी घरंगळते. गेली नऊ वर्षे मी त्या वळणावर उतरतो, सायकल ढकलतो आणि वर जाऊन पुन्हा बसतो. आज टर्बोवर उजवी बाजू धरली, तर मागच्या चाकाने एकदम ताकद घेतली, गोटी मागे उडवली आणि सायकल जागच्या जागी चराकडे सरकली. दुसऱ्यांदा मागे येऊन इकोवर, वरच्या गिअरऐवजी मधल्या गिअरमध्ये, बूड खोगिराच्या टोकाशी आणि छाती हँडलजवळ आणून डावी पायरी धरली. पुढचे चाक पायरीवर चढले, पॅडलवर पूर्ण जोर देण्याची गरज नसल्यामुळे डोके शांत राहिले, नजर चाकाऐवजी दोन हात पुढे ठेवता आली, आणि मागचे चाक आपोआप वर आले. नऊ वर्षांत प्रथमच ते वळण पाय न टेकता पार झाले.

साध्या सायकलीवर चढ म्हणजे उताराची फी, एवढाच माझा हिशेब होता. आज चढही चालवण्यासारखा वाटला. मोटरीने दमवणूक कमी केली, पण कौशल्य मात्र माझ्याकडूनच मागितले; जिथे मी नुसती ताकद मागितली तिथे तिने मला चराकडे नेले.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

ताई आणि भावोजी आले. भावोजींचे वय ६३, उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखरा, आणि आमच्या रविवारच्या टोळक्यातून ते त्याच कारणाने बाहेर पडलेले. जेवण झाल्यावर ते पडवीत सायकलीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "बसू का जरा?" ताईने ओवाळणीचे ताट हातात धरूनच त्यांच्याकडे बघितले. त्यांनी गावच्या रस्त्यावर दोन किलोमीटर मारून आणले आणि खाली उतरल्यावर काहीही न बोलता गुडघा दोन-तीनदा वाकवून पाहिला.

१० नोव्हेंबर, रविवार

आज चालवली नाही, हिशेब केला. मी ७२ किलो, पाणी आणि हत्यारे धरून साध्या सायकलीचे ओझे एकूण ८८ किलो, ई-बाईकचे ९८ किलो. २६० मीटर चढण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारी ऊर्जा पहिल्या बाबतीत सुमारे ६२ वॉट-तास, दुसऱ्या बाबतीत सुमारे ६९ वॉट-तास. म्हणजे दहा किलोंच्या जादा वजनाची किंमत एका फेरीला फक्त सात वॉट-तास आहे, आणि ती बॅटरी सहज भरते. मोटर चालू असेपर्यंत वजनाबद्दलची तक्रार चढावर तरी निराधार आहे.

टर्बोवर बॅटरीतून सुमारे १५५ वॉट-तास गेले, आणि माझे पाय चालत होते ते वेगळेच. चढाला लागली तेवढी ऊर्जा सोडली तर उरलेली कातळाच्या खडबडीत आणि मोटरीच्या उष्णतेत गेली. आणि चढून मिळवलेली उंची शेवटी चिरेखाणीच्या उतारावर ब्रेकच्या डिस्क तापवण्यात संपली. गावात प्रत्येक जण हमखास विचारतो की उतारावर बॅटरी चार्ज होते का. होत नाही. हिची मोटर क्रँकमध्ये, म्हणजे पॅडलच्या आसाशी, आहे, मागच्या चाकात फ्रीव्हील आहे, त्यामुळे उतारावर चाक फिरते पण ते फिरणे मोटरीपर्यंत पोचतच नाही.

एका पूर्ण बॅटरीत, या हिशेबाने, टर्बोवर तीन फेऱ्या आणि इकोवर सहा फेऱ्या होतात. विजेचा खर्च विचारात घेण्यासारखा नाही. पूर्ण चार्जला वाया जाणारी धरूनही पाऊण युनिटाच्या आतच वीज लागते.

नाडीच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३३ अनुभवी माउंटन बाइकस्वारांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्यात ई-बाईकवरची सरासरी नाडी साध्या सायकलीवरच्या नाडीच्या ९४ टक्के भरली होती. माझा इकोचा आकडा ९२ टक्के येतो, टर्बोचा मात्र ८४. मोटरीची सायकल म्हणजे व्यायामाला सुट्टी, असे म्हणणाऱ्यांना इकोवर बसवावे. टर्बोवर त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लबाडीचा आरोप तर आता शर्यतीच्या जगातही मागे पडला आहे, कारण यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्येच कॅनडातल्या माँ-सेंत-आन येथे ई-माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत घेतली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पोलीस पाटलांनी पारावर थांबवून विचारले की हिला पासिंग आहे का. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या पॅडल-सायकलीच्या साहाय्यक मोटरीची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आहे आणि ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत जिची मदत कमी होत बंद पडते, ती मोटार वाहनात मोडत नाही. नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही. पायाने पॅडल थांबवले की मोटर थांबते हे त्यांना प्रत्यक्ष दाखवले. बाजारात यापेक्षा बऱ्याच जास्त वॉटच्या मोटरींची किट सर्रास मिळतात आणि ती या सवलतीत बसत नाहीत, हेही सांगितले. त्यांचा मुलगा तसलेच एक किट बघत होता असे नंतर कळले, आणि पाराकडून जाताना आता थोडे अवघडल्यासारखे होते.

ताशी २५ ची मर्यादा रस्त्यावर चालवणाऱ्यांना खुपते. पायवाटेवर ती मला एकदाही जाणवली नाही. चढावर आम्ही चौदाच्या वर जात नाही, आणि उतारावर मोटर हवीच कोणाला?

२४ नोव्हेंबर, रविवार

मोजणी होऊ शकली नाही आणि चूक संपूर्ण माझी आहे. शुक्रवारी संध्याकाळी ओहोटीच्या वेळी गणेशगुळ्याच्या ओल्या वाळूवरून ई-बाईक चालवली, घरी आणून गोड्या पाण्याने धुतली, पुसली, पण बॅटरी काढून आतली बाजू बघितली नाही. आज पाणंदीत शिरल्यावर दुसऱ्याच धक्क्याला स्क्रीन विझली, परत आली, पुन्हा विझली. मोटर बंद पडलेली २३ किलोंची सायकल चढावर चालवणे म्हणजे काय, हे पहिल्या दोनशे मीटरांत कळले आणि मी मागे फिरलो.

बॅटरी काढून खाचेत टॉर्च मारला तेव्हा एका पिनेच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढा हिरवट-पांढरा थर दिसला. मीठ, ओल आणि तांबे यांची नेहमीची करामत. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश यांनी पिन घासली, पंख्याखाली दोन तास वाळवली, सांध्याच्या रबरी कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला आणि पुन्हा बसवली. चालू झाली. समुद्रापासून दीड किलोमीटरवर घर असलेल्याने हे आधीच ओळखायला हवे होते. खिडक्यांच्या बिजागऱ्या आमच्याकडे चार वर्षांत खाल्ल्या जातात आणि पंख्याच्या पात्यांवर कायम एक चिकट थर असतो. यापुढे नियम असा : वाळूवर नेणार नाही, दाबाच्या पाण्याने धुणार नाही, आणि दर रविवारी बॅटरी काढून पिना बघेन. साध्या सायकलीला मी फक्त चेनवर तेल टाकतो, ही बाब परवडण्याच्या हिशेबात धरली पाहिजे.

८ डिसेंबर, रविवार

पाणंदीतला गडगा कोसळून दगड वाटेवर आले आहेत, म्हणून आज पाखाडीने वर जावे लागले. चिऱ्यांच्या ७४ पायऱ्या, काही गुडघाभर उंच. साधी सायकल मी खांद्यावर टाकून चार मिनिटांत नेतो. ई-बाईकला ढकलताना मदत करणारे एक बटण असते, ज्याने ती चालण्याच्या वेगाने स्वतः पुढे सरकते. सपाट चढावर ते फार उपयोगाचे आहे, पण पायरीला पुढचे चाक टेकले की मागचे नुसते जागेवर फिरते. शेवटी बॅटरी काढून पाठीवरच्या पिशवीत घातली, उरलेली वीस-एकवीस किलोंची सायकल दर दहा पायऱ्यांनी टेकवत वर नेली. एकोणीस मिनिटे, आणि नाडी १६८, जी या संपूर्ण वहीतली आतापर्यंतची सर्वांत जास्त नाडी आहे.

मध्यावर गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या एक काकी भेटल्या. मी अंग चोरून उभा राहिलो. त्या थांबून म्हणाल्या, "मोटार हाय ना हिला? मग तुमी कशाला उचलताव?" याला उत्तर नव्हते.

आमच्या वाटांवर हे नेहमीचे आहे. गडगा ओलांडायचा, पऱ्यातल्या साकवावरून सायकल आडवी न्यायची, बांधावर चढवायची. प्रत्येक फेरीत निदान चार वेळा सायकल हातावर येते. जंगल खात्याने किंवा क्लबने खास सायकलीसाठी आखलेल्या वाटांवर हा प्रश्न येत नाही, आणि परदेशातल्या बहुतेक परीक्षणांत तो म्हणूनच दिसत नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

तुलनेसाठी रत्नागिरीतल्या एका परिचिताची सायकल मिळाली. साध्या हार्डटेलच्या मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर बसवली आहे, आणि पॅडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखणारा सेन्सर आहे. पुतण्याच्या सायकलीतला सेन्सर पाय किती जोराने दाबतो तेही ओळखतो, आणि हा फरक सपाटीवर क्षुल्लक वाटला तरी पाणंदीच्या वळणावर त्यावरच सगळे अवलंबून आहे. हब मोटर अर्धे पॅडल फिरल्यावर जागी होते आणि जागी झाली की एकदम ढकलते. चराच्या काठावर नेमके नको तेव्हा. शिवाय तिला सायकलीच्या गिअरांचा फायदा मिळत नाही. क्रँकमधली मोटर चेनमधून काम करते, त्यामुळे हलका गिअर टाकला की तीही हलकी होते. चाकातली मोटर मात्र ताशी सहा किलोमीटरवर कुंथत राहते आणि तापते. चढाच्या शेवटी हबला हात लावला, तो ठेवता आला नाही.

या सायकलीबद्दल तक्रार नाही. आरे-वारेच्या रस्त्यावरून गणपतीपुळ्याला जायला ती उत्तम आहे, आणि किंमत पुतण्याच्या सायकलीच्या पासंगालाही पुरत नाही. पण पायवाटेसाठी हे किट घेऊ नये, एवढे मत आज पक्के झाले.

२ फेब्रुवारी, रविवार

ही नोंद लांबणार आहे.

बॅटरी शिल्लक राहते म्हणून मी हल्ली फेरी संपल्यावर सड्यावर पुढे पुढे जातो. साध्या सायकलीवर जिथे परतीचा विचार सुरू होत असे, तिथून आता आणखी सात-आठ किलोमीटर सहज होतात. आज सकाळी पावणेसातला, ऊन तिरपे असताना, एका मोकळ्या कातळावर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक रेषा दिसली. ब्रेक दाबला. रेषा बोटभर खोल आणि तितकीच रुंद होती, ती वळत गेली, दुसरीला मिळाली, आणि मी सायकल आडवी ठेवून चालत फिरलो तेव्हा मोठ्या माशासारखी एक आकृती पायाखाली उलगडली. कुंपण नाही, पाटी नाही. ऊन वर आल्यावर, साडेआठला, तीच जागा मला पुन्हा सापडायला दहा मिनिटे लागली.

काशेळी, बारसू, उक्षी येथील कातळशिल्पे आता सर्वांना माहीत आहेत, आणि कोकणातल्या निवडक कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये झाला. पण सडा विस्तीर्ण आहे आणि प्रत्येक आकृतीभोवती चिऱ्यांचे कुंपण उभे राहिलेले नाही. गावात चौकशी केली तेव्हा गुराख्यांना ही आकृती ठाऊक होती, त्यात नवल काहीच नव्हते. जागा इथे मुद्दाम लिहीत नाही.

ई-बाईकने वाट जास्त झिजते का, यावर अमेरिकेतील इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने २०१५ मध्ये ओरेगॉनमधील जंगलात चाचणी घेतली होती. पॅडलला मदत करणाऱ्या ई-बाईकने हललेली माती साध्या माउंटन बाइकच्या जवळपास निघाली आणि मोटरसायकलच्या तुलनेत पुष्कळच कमी. एका फेरीपुरते माझेही निरीक्षण तेच आहे. पाणंदीत दोन्ही सायकलींच्या खुणा ओळखू येत नाहीत, टर्बोवर चाक फिरवले ती जागा सोडून. पण आमच्याकडचा प्रश्न टायरचा नाही, तो पल्ल्याचा आहे. दमणे हे आजवर सड्याचे कुंपण होते. सायकलवाला जिथपर्यंत दमून पोचे, तिथपर्यंतची वाट गुरांनी आणि माणसांनी आधीच मळलेली असे. मोटरीने ते कुंपण काढले, आणि मी आज अशा कातळावर होतो जिथे चाक कुठे ठेवावे हे मला सांगणारी वाटच नव्हती.

कातळावरचे खळगेही याच हिशेबातले. आता ते वाळलेल्या गवताचे आणि मूठभर मातीचे दिसतात, पण श्रावण-भाद्रपदात त्यातच सीतेची आसवं फुलतात. त्या मातीवरून चाक गेले तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवेल, याची चाचणी घेण्याची माझी इच्छा नाही. आजपासून ठरवले : मळलेल्या वाटेबाहेर दोन्हींपैकी कोणतीही सायकल न्यायची नाही, आणि नव्या सड्यावर आधी पायी जायचे.

१६ मार्च, रविवार

शिमगा. पालखी घरोघरी फिरते आहे, रात्रीची झोप नाही, वाटेवर ढोल आणि माणसे. आठवडाभर सायकल बंद. बॅटरी निम्म्या चार्जवर काढून घरात ठेवली. लिथियम बॅटरी पडून राहणार असेल तर ती पूर्ण भरलेलीही नसावी आणि रिकामीही नसावी, असे पुतण्याने बजावले आहे.

६ एप्रिल, रविवार

मीटरवर ६४० किमी झाले आणि गेजने मोजल्यावर चेन ०.७५ टक्के लांबलेली निघाली, बदलावीच लागली. माझ्या सायकलीवर चेनचा एक आख्खा हंगाम जातो. क्रँकमधल्या मोटरीची ताकद माझ्या पायांच्या ताकदीबरोबर त्याच चेनमधून जाते, जांभ्याची तांबडी धूळ तेलात मिसळून कानसच होते, आणि मी चढाच्या मध्यावर जोर न सोडता गिअर बदलतो ही वाईट सवय त्यात भर घालते. ब्रेक पॅडही दुसऱ्यांदा बदलले. जड सायकल उतारावर फार स्थिर असते, चिरेखाणीच्या खडीवर ती साध्या सायकलीसारखी उडत नाही, पण थांबवताना दहा किलोंचा हिशेब पॅडमधून वसूल होतो.

उकाड्यामुळे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते. चार अँपिअरच्या चार्जरला पूर्ण चार्जसाठी सुमारे चार तास लागतात. काल रात्री इन्व्हर्टरवर लावून ठेवली, तर पहाटे तीनला पंखे बंद पडले. सौ.ने त्याच काळोखात विचारले की घरात झोपायचे कोणी, माणसांनी की सायकलीने.

पाणंदीला लागून कलमांची बाग आहे. हापूसचा हंगाम असल्याने राखणदार रात्रंदिवस तिथे असतो, आणि बागायतदाराने दर वर्षीप्रमाणे मे अखेरपर्यंत त्या बाजूने जाऊ नका असे सांगितले आहे. फेरी वरच्या रस्त्याने वळवली.

२७ एप्रिल, रविवार

भावोजी पहाटे पाचला हजर. मी साध्या सायकलीवर, ते ई-बाईकवर, उन्हाच्या आधी संपूर्ण फेरी. डॉक्टरांना विचारून आले होते. गुडघ्यावर एकदम जोर नको, सावकाश फिरवणे चालेल, असे उत्तर मिळाले होते. त्यांनी इकोच्या वरची पायरी धरली आणि हलका गिअर सोडला नाही. मोठ्या चढावर ते माझ्यापुढे होते, बोलत होते, आणि मी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हतो. पूर्वी याच चढावर मी वर पोचून त्यांची वाट बघत असे आणि ते पोचले की लगेच निघत असे, हे त्यांनी मला वर पोचल्यावर, पाण्याची बाटली पुढे करत, शांतपणे सांगितले.

पऱ्यातल्या साकवावर सायकल मी उचलली, गडग्यावरूनही मीच दिली. फेरी ५६ मिनिटे, माझ्या ऑक्टोबरातल्या फेरीपेक्षा दोन मिनिटांनी कमी. त्यांचा गुडघा संध्याकाळपर्यंत दुखला नाही, असा ताईचा फोन आला.

माझ्यापुरते उत्तर आता दिसते आहे. मी आठवड्यातून एकदा, तीच फेरी, तासाभरात करतो. त्यात मला दुसऱ्या फेरीची गरज नाही, आणि जिथे जिथे सायकल हातावर येते तिथे मला हलकी सायकल हवी आहे. नव्या बॅटरीची किंमत पुतण्याने तिकडून विचारून कळवली, ती माझ्या आख्ख्या सायकलीपेक्षा जास्त आहे. पाणंदीचे ते वरचे वळण मला चालवता आले याचा आनंद खरा होता. पण मार्चच्या सुरुवातीला तेच वळण मी साध्या सायकलीवर, डावी पायरी धरून, दोनदा पार केले. काय करायचे ते मोटरीने शिकवले, करण्यासाठी ती लागली नाही. भावोजींचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांच्या बाबतीत पर्याय जड सायकल की हलकी सायकल असा नसून सायकल की पडवी असा आहे.

२५ मे, रविवार

पाऊस यंदा फारच लवकर आला. पाच दिवस झोडपतो आहे, पाणंद वाहते आहे आणि कातळावर पाणी साठले आहे. जांभ्यावर शेवाळ धरले की ऑक्टोबरपर्यंत तिकडे चाक न्यायचे नाही, ही जुनी शिस्त.

पुतण्या परवा परत येतो आहे. त्याला पूर्ण सस्पेन्शनची नवी घ्यायची आहे, आणि ही भावोजी घेणार आहेत. व्यवहार फोनवर दोघांत ठरला, मला शेवटी कळवले. अट एकच, की सायकल माझ्याच पडवीत राहील आणि पिना मी बघेन. बॅटरी ६० टक्क्यांवर काढून, कापडात गुंडाळून, आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवली आहे. मीटर ९१२ किमी. चेन उतरवून रॉकेलच्या डब्यात टाकली आहे, आणि ऊन पडेल त्या दिवशी पुसून, तेल देऊन चढवायची आहे.